वडिलांचा पोटाचा सी.टी. स्कॅन : तयारी कशी करावी आणि भीती कशी कमी करावी?

सुरंगी (देवगड)

नमस्कार. माझ्या वडिलांचा पोटाचा सी.टी. स्कॅन येत्या गुरुवारी सकाळी कोल्हापूरला ठरला आहे. त्यांचे वय ७१. गेले दोन महिने जेवल्यावर पोटात उजव्या बाजूला जड वाटते, भूक मंदावली आहे आणि लेंग्याची नाडी पूर्वीपेक्षा चार बोटे जास्त ओढून बांधावी लागते. सोनोग्राफीत यकृतावर एक लहानशी जागा दिसली. ती नेमकी कसली हे त्यावरून सांगता येत नाही, म्हणून कणकवलीच्या डॉक्टरांनी रंगाचे इंजेक्शन देऊन स्कॅन करून घ्यायला सांगितले आहे. केंद्रातून फोनवर मिळालेली माहिती एका वाक्यात संपली : चार तास उपाशी या, क्रिएटिनिनचा (मूत्रपिंडाच्या रक्ततपासणीचा) रिपोर्ट आणा, सोबत एक माणूस हवा.

खरी अडचण बाबांच्या मनाची आहे. काही वर्षांपूर्वी कंबरेसाठी त्यांचा एम.आर.आय. करायला नेले होते. तिथे कोणी काही न सांगता त्यांना त्या नळीत सरकवले, आत ठोकल्यासारखा आवाज सुरू झाला आणि पाचव्या मिनिटाला ते घामाने निथळत, तपासणी अर्धवट सोडून बाहेर आले. ‘त्या भुयारात मी पुन्हा जाणार नाही,’ हे त्यांचे तेव्हापासूनचे वाक्य. आता थेट नकार देत नाहीत, पण मोहोरावर फवारणी राहिली आहे या सबबीवर त्यांनी तारीख दोनदा पुढे ढकलली. पहाटे तीनला उठून पडवीत बसलेले दिसतात.

माझे प्रश्न असे आहेत. बाबांना कोळंबी किंवा कुर्ल्या खाल्ल्या की अंगावर गांधी उठतात. वाडीतल्या एकांनी सांगितले की त्या इंजेक्शनात आयोडीन असते आणि ज्याला मासळी सोसत नाही त्याने ते घेऊ नये. ते खरे आहे का? ते बारा वर्षे मधुमेहाच्या गोळ्या घेत आहेत (मेटफॉर्मिन आणि ग्लिमेपिराइड), त्यांचे काय करायचे? त्यांचा उजवा खांदा आखडलेला आहे, त्याने काही अडेल का? कमरेला चांदीचा ताईत ओवलेला करगोटा आहे, जो त्यांनी माझ्या आठवणीत कधी काढलेला नाही. शेवटचा प्रश्न असा की यकृतावर काही दिसले आहे, हे त्यांना सांगावे की नाही? मुंबईचा भाऊ म्हणतो, अजिबात सांगू नकोस.

क्ष-किरण (चिपळूण)

सुरंगीताई, मी एकतीस वर्षे क्ष-किरण विभागात टेक्निशियन म्हणून काम करून निवृत्त झालो आहे, त्यापैकी शेवटची सोळा वर्षे सी.टी.च्या यंत्रावर. औषधांविषयी डॉक्टर मंडळींनीच बोलावे. खोलीच्या आत काय घडते तेवढे मी सांगतो, कारण माझ्या अनुभवात भीतीचा मोठा वाटा आत काय होणार हे ठाऊक नसल्याचा असतो.

बाबा ज्याला भुयार म्हणतात ते एम.आर.आय.चे यंत्र. सी.टी.चे यंत्र म्हणजे मधोमध भोक असलेले एक जाड कडे असते. भोकाचा व्यास साधारण ७० ते ८० सेंटिमीटर असतो आणि कड्याची जाडी इतकीच, की या बाजूने पाहिले तर पलीकडची भिंत दिसते. स्कॅनच्या आधी दोन मिनिटे त्यांना दारात उभे राहून ती भिंत पाहू द्या, अशी विनंती तिथल्या माणसाला जरूर करा. आमची घाई असते हे खरे, पण एवढ्याला कोणी नाही म्हणत नाही. पोटाच्या स्कॅनमध्ये बऱ्याच केंद्रांत पाय आधी आत नेतात, त्यामुळे डोके बहुतेक वेळ कड्याबाहेरच राहते. तुमच्या केंद्रात उलट पद्धत असली तर ‘पाय आधी जमेल का’ असे विचारून पाहा. ठोकल्यासारखा आवाज इथे नसतो, पंखा जोरात फिरल्यासारखी घरघर असते. खोलीत जाण्यापासून बाहेर येण्यापर्यंत पंधरा-वीस मिनिटे लागतात. त्यातले प्रत्यक्ष चित्रण दर खेपेस काही सेकंदांचे.

आता घटनाक्रम. आधी कोपराच्या आतल्या बाजूच्या शिरेत सुई लावून ठेवतात. ती नेहमीच्या सलाइनच्या सुईपेक्षा बहुधा जाड असते, कारण पंपाने सेकंदाला तीन-चार मिलिलिटर या वेगाने ८० ते १०० मिलिलिटर औषध त्यातून जायचे असते. उपाशी आणि तहानलेल्या म्हाताऱ्या माणसाची शीर सापडत नाही, म्हणून पाण्याची मुभा कुठपर्यंत आहे हे केंद्राला आजच फोन करून विचारा आणि तेवढे पाणी पाजाच. काही ठिकाणी आतडी नीट दिसावीत म्हणून तासाभरात लिटर-दीड लिटर पाणी किंवा औषध मिसळलेले पाणी घोटघोट प्यायला देतात. त्याला ते वैतागतील. वेळ धरून जा.

मग टेबलावर उताणे झोपवून दोन्ही हात डोक्याच्या वर घ्यायला सांगतात, कारण हात पोटाशेजारी राहिले तर चित्रावर रेघा उमटतात. आखडलेल्या खांद्याचे इथेच अडते. आजपासून रोज दोनदा त्यांना घरच्या बाकावर झोपवून हात जेवढे वर जातील तेवढे नेऊन, खाली उशी सरकवून पाच मिनिटे ठेवायला लावा. कोणती उशी कुठे ठेवली की दुखत नाही हे कळले, तर तिथल्या माणसाला नेमके सांगता येते. जोर करून हात ताणू नका. एक हात वर जातच नसेल, तर तसे सांगून द्यायचे. त्यातून मार्ग काढणे हे आमचे रोजचे काम आहे.

श्वासाचा सराव मात्र चुकवू नका. यंत्रातून ध्वनिमुद्रित आवाज येतो : श्वास घ्या, धरा, सोडा. पुष्कळ ठिकाणी तो हिंदीत नाही तर इंग्रजीत असतो, आणि आयुष्यभर मालवणी बोललेला माणूस त्या आवाजाने गांगरून ‘धरा’च्या वेळी सोडतो. यकृत श्वासाबरोबर वर-खाली सरकते, अगदी दोन-तीन बोटेसुद्धा. पाहायची जागाच लहान असेल तर दर खेपेस श्वास सारखा धरला गेला पाहिजे, नाहीतर ती पुसट येते किंवा एका खेपेच्या चित्राशी दुसऱ्या खेपेचे चित्र जुळत नाही. छाती फुगवून दम कोंडायचा नाही; नेहमीपेक्षा किंचित मोठा श्वास घेऊन दहा-पंधरा सेकंद थांबायचे. पडवीत बसून तुम्ही ‘धरा’ म्हणा आणि घड्याळ पाहा. पहाटे तीनला काय करायचे या प्रश्नालाही हे एक उत्तर आहे.

इंजेक्शन सुरू झाल्यावर पंधरा-वीस सेकंदांत घशात ऊब येते, तोंडाला धातूची चव येते आणि ती ऊब पोटातून खाली उतरत ओटीपोटाशी पोचते, तेव्हा लघवी झाल्याचा हुबेहूब भास होतो. झालेली नसते. मिनिटभरात हे सगळे ओसरते. हे आधी सांगितले नाही तर काय होते ते मी पाहिले आहे. पंच्याहत्तरीचे एक निवृत्त गुरुजी तपासणी संपल्यावर टेबलावरून उठेनात. ‘पाणी पाहिजे का, चक्कर येते आहे का’ असे सगळे विचारून झाले, तरी डोळे मिटून पडून राहिले. शेवटी मला जवळ बोलावून हळूच म्हणाले, ‘आधी बाईंना बाहेर पाठवा, माझे धोतर बदलायचे आहे.’ धोतर कोरडे ठणठणीत होते. त्यांना ते हाताने चाचपून पाहावे लागले, मगच ते उठले. त्या दिवसानंतर मी एकाही रुग्णाला ही ऊब आधी सांगितल्याशिवाय टेबलावर घेतले नाही.

अजून एक गोष्ट, जी सहसा कोणी सांगत नाही. यकृतासाठी टेबल तीन-चार वेळा आत-बाहेर होते : एकदा इंजेक्शनाआधी, एकदा औषध रोहिणीत असताना, एकदा सुमारे ७० सेकंदांनी यकृताच्या मोठ्या शिरेत ते पोचल्यावर, आणि कधी काही मिनिटांनी पुन्हा. रुग्णाला वाटते, काहीतरी वाईट दिसले म्हणून परत परत पाहत आहेत. तसे नसते, हा क्रम आधीच ठरलेला असतो. तसेच काचेपलीकडच्या टेक्निशियनच्या चेहऱ्यावर निदान वाचायचा प्रयत्न करू नये. मी गंभीर दिसलो की बहुतेक वेळा पुढच्या रुग्णाची सुई लागत नसे.

हे औषध मुळात का लागते, तेही बाबांना सांगण्याजोगे आहे. सी.टी.चे यंत्र शरीराच्या प्रत्येक ठिपक्याला एक आकडा देते. पाण्याला शून्य, हवेला उणे १०००, चरबीला उणे १०० च्या आसपास, हाडाला शेकड्यांनी वर. या मापाला हे यंत्र बनवणाऱ्या गॉडफ्रे हाउन्सफील्ड यांचे नाव आहे. निरोगी यकृताचा आकडा साधारण ५० ते ६० येतो आणि त्यातल्या गाठीचा आकडाही पुष्कळदा त्याच्याच जवळपास असतो, म्हणजे पांढऱ्या भिंतीवर पांढरा डाग. औषध रक्ताबरोबर फिरते तेव्हा ती जागा ते किती लवकर घेते आणि किती लवकर सोडते, त्यावरून तिची जात ओळखता येते. हाउन्सफील्ड यांच्या यंत्रावर पहिल्या रुग्णाचे चित्रण १ ऑक्टोबर १९७१ रोजी लंडनमधल्या विम्बल्डनमध्ये झाले. त्या काळी डोक्याच्या एकेका कापाला काही मिनिटे लागत, आणि चित्र होते ८० बाय ८० चौकटींचे. १९७९ साली त्यांना आणि ॲलन कॉर्मॅक यांना या कामासाठी नोबेल पारितोषिक मिळाले. विषयांतर झाले खरे, पण आमच्या धंद्यातल्या माणसाला हे सांगितल्यावाचून राहवत नाही.

करगोट्याचा दोरा असू द्या. चांदी मात्र काढावी लागेल, कारण ती नेमकी पाहायच्या भागावर येते आणि चित्रात चांदणीसारखे किरण फुटतात. नवा काळा दोरा पिशवीत घेऊन जा आणि बाहेर आल्याबरोबर तिथेच ताईत ओवून बांधा. पट्ट्याची विजार नको, नाडीचा लेंगाच बरा.

निर्गुंडी (मालवण)

मी वैद्यकीय व्यवसायात आहे. इथले लिहिणे सर्वसाधारण माहितीचे आहे. बाबांच्या गोळ्यांचा निर्णय त्यांना तपासणारे डॉक्टर आणि स्कॅनचे केंद्र यांनीच द्यायचा आहे, आणि तो बुधवारच्या आत मागून घ्या.

मासळीचा समज किनारपट्टीवर इतका घट्ट बसला आहे, की माझ्याकडे येणारा दर तिसरा-चौथा माणूस तो बोलून दाखवतो. कोळंबी-कुर्ल्यांनी गांधी उठतात त्या त्यांच्या मांसातल्या प्रथिनामुळे, मुख्यतः ट्रोपोमायोसिन नावाच्या प्रथिनामुळे, आयोडीनमुळे नव्हे. आयोडीन तर आपण रोज मिठातून खातो आणि गळ्यातली थायरॉइड ग्रंथी त्याच्यावरच चालते. त्यामुळे कवचाच्या मासळीचे वावडे असणे म्हणजे या इंजेक्शनाला बंदी, असे समीकरण नाही. इतर कोणत्याही वावड्याइतकेच त्याला महत्त्व, म्हणून फॉर्मवर जरूर लिहा, पण त्यावरून तपासणी टाळू नका. आवर्जून सांगायच्या गोष्टी वेगळ्या आहेत : पूर्वी याच प्रकारच्या इंजेक्शनाने त्रास झाला होता का, दमा आहे का, थायरॉइड वाढलेले आहे का, मूत्रपिंडाचा विकार आहे का. पूर्वी त्रास झालेला असेल तर काही तास आधीपासून गोळ्या देऊन तयारी करता येते किंवा दुसरी तपासणी निवडता येते. खाज, गांधी, श्वासाला अडथळा असे काही झालेच तर ते बहुधा पहिल्या अर्ध्या तासात होते, म्हणूनच केंद्रात तेवढा वेळ बसवून ठेवतात. सुई काढली की लगेच गाडीत बसायची घाई करू नका. क्वचित पुरळ एक-दोन दिवसांनीही उठते.

क्रिएटिनिन कशाला, तर औषध मूत्रपिंडावाटे बाहेर पडते आणि मूत्रपिंड ठीक असेल तर बहुतेक सगळे चोवीस तासांत जाते. क्रिएटिनिनवरून ई.जी.एफ.आर. नावाचा, मूत्रपिंड किती काम करते हे सांगणारा आकडा काढतात. तो ३० च्या खाली असेल तर विचार करावा लागतो. मेटफॉर्मिनचा मुद्दा याच्याशीच जोडलेला आहे. मेटफॉर्मिन मूत्रपिंड बिघडवत नाही; पण मूत्रपिंड मंदावले तर ते अंगात साठते आणि रक्तातले आम्ल वाढू शकते. म्हणून आकडा कमी असलेल्यांना ती गोळी स्कॅनच्या वेळी थांबवून ४८ तासांनी, रक्त पुन्हा तपासून सुरू करायला सांगतात. काही केंद्रे सरसकट सगळ्यांना ४८ तास थांबवतात. तुमचे केंद्र काय सांगते ते पाहा.

मला जास्त काळजी वाटते ती ग्लिमेपिराइडची. मेटफॉर्मिनविषयी सगळे विचारतात, याच्याविषयी कोणी विचारत नाही. ही गोळी पोटात अन्न असो वा नसो, साखर खाली आणते. पहाटे सवयीने गोळी घेतली, पेज घेतली नाही आणि फोंडा घाटाच्या वळणांवर घाम सुटून डोळ्यांपुढे अंधारी आली, तर घरच्यांना वाटेल की माणूस घाबरला आहे. प्रत्यक्षात साखर उतरलेली असते. उपाशी असेपर्यंत ती गोळी कधी घ्यायची हे डॉक्टरांकडून लिहूनच घ्या, आणि खिशात साखर ठेवा. साखर उतरली तर उपास मोडायचा, स्कॅन तासभर पुढे गेला तरी चालतो. रक्तदाबाची गोळी असेल तर ती सहसा घोटभर पाण्याबरोबर घेतात. खांद्यासाठी ते दुकानातून वेदनाशामक गोळ्या आणून खात असतील, तर तेही डॉक्टरांना सांगा, कारण त्यातल्या बऱ्याच गोळ्या मूत्रपिंडावर ताण आणतात.

जमल्यास बुधवारी संध्याकाळीच कोल्हापूरला जाऊन मुक्काम करा. उपाशी पोटी तीन-चार तासांचा घाट, वर ओकारी, ही काही स्कॅनची तयारी नव्हे.

शेवंती (श्रीवर्धन)

भावाने सांगितलेले ‘सांगू नकोस’ वाचून राहवले नाही म्हणून लिहिते आहे. तीन वर्षांपूर्वी माझा छातीचा सी.टी. झाला. फुप्फुसावर सावली आहे हे घरात सगळ्यांना ठाऊक होते, मला सोडून. मला सांगितले होते, ‘खोकला जात नाही म्हणून एक साधा फोटो.’ पण साध्या फोटोसाठी नणंद पनवेलहून का येते, सासूबाई सकाळी उठून ग्रामदेवतेला गाऱ्हाणे का घालतात, आणि यजमान माझ्याशी अचानक इतके गोड का बोलतात? मी त्या चार दिवसांत मनाने चार वेळा मेले. शेवटी पाणी भरताना धाकट्या जावेने सांगून टाकले, आणि खरे सांगते, त्या रात्री मला झोप लागली. आपल्याला काय झाले असेल याची भीती एकवेळ पेलते. सगळ्यांना ठाऊक आहे आणि आपल्याला नाही, हे पेलत नाही.

तुमच्या बाबांची नाडी चार बोटे जास्त ओढली जाते, हे तुमच्याआधी त्यांना कळले असणार. पहाटे तीनला पडवीत बसणाऱ्या माणसाला फक्त यंत्राची भीती असेल असे मला वाटत नाही. त्यांना विचारा, ‘बाबा, नेमके कशाचे वाटते?’ आणि मग थोडा वेळ काही बोलू नका. भुयाराची भीती असेल तर क्ष-किरण यांनी लिहिले आहे ते सांगा. रिपोर्टची असेल तर आहे तेवढेच सांगा : सोनोग्राफीत एक जागा दिसली आहे, ती काय आहे हे अजून कोणालाच ठाऊक नाही, डॉक्टरांनाही नाही, आणि ते कळावे म्हणूनच जायचे आहे. ‘काही नसणार हो’ असे मात्र म्हणू नका. ते खोटे आहे हे ऐकणाऱ्याला लगेच कळते.

करगोट्यासारखेच माझे मंगळसूत्राचे झाले होते. बावीस वर्षांत गळ्यातून काढले नव्हते, आणि ते काढायचे म्हटल्यावर मला त्या कड्यापेक्षा जास्त भीती त्याचीच वाटली. सासूबाईंनी हळदीत भिजवलेला दोरा माझ्या गळ्यात बांधला आणि मंगळसूत्र स्वतःच्या मुठीत घट्ट धरून दाराबाहेर बसून राहिल्या. दोऱ्याने चित्राला काही झाले नाही.

आत डोळे मिटून मी आमच्या घरापासून बंदरापर्यंतची दारे मोजत गेले. अकराव्या दारापाशी त्यांनी सांगितले, झाले.

जांभा (राजापूर)

सर्वांनी चांगले लिहिले आहे, पण किरणोत्साराविषयी कोणी अवाक्षर काढले नाही. आमच्या शेजाऱ्यांना मुंबईत स्कॅन केल्यावर नातवंडांना दिवसभर जवळ घेऊ नका असे सांगितले होते. मग हे इतके निर्धोक कसे? तीन-चार वेळा आत-बाहेर म्हणजे तीन-चार पट किरण, हेही लिहा.

क्ष-किरण (चिपळूण)

जांभा, प्रश्न योग्य आहे. तुमच्या शेजाऱ्यांचा बहुधा पेट-सी.टी. झाला असावा. त्यात किरणोत्सारी द्रव्य शिरेतून देतात आणि ते काही तास अंगात असते, म्हणून लहान मुले आणि गरोदर स्त्रिया यांच्यापासून दूर राहायला सांगतात. साध्या सी.टी.तले क्ष-किरण यंत्र बंद होताच संपतात, आणि रंगाचे औषध किरणोत्सारी नसते. बाबा बाहेर येताच नातवाला मांडीवर घेऊ शकतात.

मात्रेविषयी लपवण्यासारखे काही नाही. पोटाच्या एका खेपेला साधारण ८ ते १० मिलिसिव्हर्ट (किरणांची मात्रा मोजायचे एकक) धरतात. माती, खडक, हवा आणि आकाश यांतून माणसाला वर्षाकाठी जगाच्या सरासरीने सुमारे २.४ मिलिसिव्हर्ट मिळतातच, म्हणजे एका खेपेत तीन-चार वर्षांचा वाटा. खेपा वाढल्या की मात्रा वाढते, हे तुमचे म्हणणे बरोबर आहे. त्यातून पुढे कर्करोग होण्याची शक्यता किंचित वाढते असे मानतात, आणि तिला उमटायला वर्षे लागतात. म्हणूनच लहान मुले आणि तरुणांच्या बाबतीत हात आखडता घेतात, आणि गरोदर असण्याची शक्यता असेल तर आधी सांगणे आवश्यक असते. एकाहत्तरीच्या माणसाच्या यकृतावर न ओळखलेली जागा असताना पारडे कुठे झुकते हे उघड आहे. ‘सहज एकदा सगळे तपासून घेऊ’ म्हणून सी.टी. करणाऱ्यांना मात्र मी कायम विरोध केला आहे.

सुरंगीताई, यावरून आठवले : फिल्मबरोबर सी.डी. मागून घ्या आणि ती आंब्याच्या पेटीत टाकून देऊ नका. पुढच्या डॉक्टरांना मूळ चित्रे संगणकावर पाहता आली, तर केवळ फिल्म पुसट आहे म्हणून स्कॅन पुन्हा करायची वेळ येत नाही.

सुरंगी (देवगड)

सर्वांचे मनापासून आभार. गुरुवारी स्कॅन झाला, म्हणून सविस्तर कळवते.

शेवंतीताई, तुमचे वाचून रविवारी रात्री मी बाबांना विचारले. बराच वेळ ते सुपारी कातरत राहिले आणि मग म्हणाले, ‘लिव्हरवर आसा ना? कागद मी वाचलंय.’ सोनोग्राफीचा रिपोर्ट मी कपाटात ठेवला होता. तो त्यांनी नातवाच्या भिंगाने वाचला होता. भावाला फोन करून सांगितले तेव्हा तो काही क्षण गप्प होता, आणि बुधवारी रात्रीच्या गाडीने तोही कोल्हापूरला आला.

डॉक्टरांनी स्कॅनच्या सकाळी दोन्ही गोळ्या न घेता यायला आणि मेटफॉर्मिन ४८ तासांनी सुरू करायला सांगितले. क्रिएटिनिन १.१ आले होते. बुधवारी आतेबहिणीकडे मुक्काम केला. पहाटे उठून बाबांनी स्वतःच बाकावर पडून ‘धरा’चा सराव केला, सोळा सेकंदांपर्यंत जातात.

सगळे सुरळीत झाले असे नाही. डाव्या हाताची शीर पहिल्या वेळी फुटली आणि कोपराशी करवंदाएवढा निळा फुगवटा आला. मग उजव्या हाताला सुई लागली. यंत्रातला आवाज हिंदीच होता, पण विनंती केल्यावर तिथल्या मुलाने मायक्रोफोनवरून स्वतः मराठीत सांगितले. दारात उभे राहून बाबांनी त्या कड्यातून पलीकडची भिंत पाहिली, भिंतीवरचे घड्याळ पाहिले आणि मला म्हणाले की विहिरीचा कठडा याच्यापेक्षा रुंद असतो. पाय आधी गेले. खांद्याखाली घरून नेलेली चौघडी ठेवली होती. आत गेल्यावर त्यांनी काय मोजले ते सांगत नाहीत. उबेविषयी विचारले, तर म्हणाले की वैशाखातल्या दुपारी सड्यावर तापलेल्या कातळावर बसावे तसे वाटले, पण आतून.

बाहेर आल्यावर करगोटा बांधताना त्यांना दोरा लहान पडेल असे वाटले होते. तो उलट वीतभर उरला. भावाने तो कापला नाही, नुसता खोचून दिला.

रिपोर्ट शनिवारी मिळणार आहे आणि तो आधी आपल्या हातात द्यायचा, असे त्यांनी आम्हा दोघांना बजावले आहे. फवारणीच्या माणसाला रविवारी सकाळी सातला यायला सांगितले आहे.